किती लांबून ऐकेल गाडी?

१००० फूट, ३००० फूट, ३ मैल. विनिपेगमधल्या एका दुकानात काउंटरवर रिमोट स्टार्टरची तीन खोकी मांडलेली होती आणि प्रत्येकावर सर्वांत ठळक टाइपात असा एकेक आकडा छापलेला होता. आकडा वाढेल तशी किंमत वाढत होती. कॅनडात रस्ते किलोमीटरमध्ये मोजतात, पण या वस्तूचा पल्ला फुटांत आणि मैलांत सांगतात. मी मनातल्या मनात आकडेमोड करत उभी होते. हजार फूट म्हणजे साधारण ३०० मीटर, तीन हजार म्हणजे ९०० च्या थोडं पुढे, आणि तीन मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. सांगलीत बटण दाबलं तर मिरजेच्या निम्म्या वाटेवर उभी असलेली गाडी सुरू व्हावी, एवढं हे अंतर. इतक्या लांब मी गाडी कधीच उभी करत नाही. मग हजार फुटांचं पुरेल का? काउंटरवरचा मुलगा पुरेल म्हणेना आणि नाही पुरणार असंही म्हणेना.

ही वस्तू मला का हवी होती ते आधी सांगायला हवं. विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचं सरासरी किमान तापमान उणे २१ च्या आसपास असतं आणि उणे ३० च्या खाली जाणारे दिवस दरवर्षी येतात. त्यात वारा. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे ४० च्या पलीकडे गेली की उघडी कातडी ५ ते १० मिनिटांत गोठू शकते, असा इशारा हवामान खातं देतं. पहिली थंडी मी एकटीने काढली असती तर दात आवळून काढली असती. पण आमची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती.

बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसणं इथे कायद्याने चालत नाही. त्याची वेगळी खुर्ची असते आणि पट्ट्यांनी बांधावंच लागतं. त्या पट्ट्यांची एक गोष्ट मला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी समजावून सांगितली. पट्टा आणि बाळाचं अंग यांच्यामध्ये फुगीर जाकीट असता कामा नये. गाडीला धडक बसली तर जाकिटातली हवा दाबली जाते, पट्टा सैल पडतो आणि बाळ त्यातून निसटू शकतं. म्हणजे बाहेर उणे तीस असताना लेकराला साध्या कपड्यांत बसवायचं, पट्टे अंगाबरोबर आवळायचे आणि मग वरून पांघरूण घालायचं. आई सांगलीहून आली होती. ती नातीला दुपट्यात गुंडाळून, कुंची घालून तयार ठेवायची आणि गाडीपाशी पोहोचल्यावर मी तो सगळा जामानिमा सोडायला लागले की तिचा जीव खालीवर व्हायचा. ‘अगं, बर्फाच्या लादीवर बसवतेयस का पोरीला?’ ती म्हणाली. रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीची सीट खरंच तशी असते, फोमसुद्धा लाकडासारखा कडक होतो. गाडी आतून तापलेली असेल तरच हे सगळं माणसासारखं करता येतं.

थंडी गाडीचं काय करते हेही तेव्हाच समजून घेतलं. बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शून्य अंशालाच तिची इंजिन फिरवण्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि उणे १८ ला निम्म्याहून कमी उरते. नेमकं त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेची वायर आणि प्लग लोंबताना दिसतो. तो ब्लॉक हीटरचा. इंजिनाच्या पोटात बसवलेली ही छोटी शेगडी अँड्र्यू फ्रीमन नावाच्या माणसाने बनवली आणि १९४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तो राहायचा ग्रँड फोर्क्सला, म्हणजे विनिपेगहून दक्षिणेला सीमा ओलांडली की गाडीने अडीच तासांवर. याच गारठ्यातल्या माणसाने याच गारठ्यावर काढलेला तोडगा आहे हा, आणि मला तो फार आवडला. आमच्या घराच्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपाशी प्लगचा खांब आहे. पण ब्लॉक हीटर इंजिन सांभाळतो. आतल्या सीटला, स्टिअरिंगला, काचेवर जमलेल्या बर्फाला त्याचा उपयोग नाही. शिवाय ऑफिसच्या पार्किंगमध्ये खांबच नाहीत.

दुकानात खोकं उलटं केलं तेव्हा मागे बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. हा पल्ला मोकळ्या जागेतला, मध्ये कोणताही अडथळा नसतानाचा. मी ती ओळ दाखवून विचारलं, तेव्हा मुलाने आतून तंत्रज्ञाला बोलावलं. तो फिलिपिन्सहून आलेला होता. विनिपेगमध्ये फिलिपिनो वस्ती मोठी आहे, आणि उष्ण मुलुखातून इथे येऊन गाड्या तापवण्याचं काम करणाऱ्या त्या माणसाशी बोलताना माझा संकोच गेला. त्याने विचारलं, ‘तुम्ही बटण कुठे उभ्या राहून दाबणार?’ मी म्हटलं, घरातून. ‘घरातून म्हणजे कुठल्या खोलीतून? तिथून गाडी दिसते? इमारत लाकडाची की काँक्रीटची? आणि ऑफिसातून निघताना?’ मला धड उत्तर देता येईना. त्याने खोकी बाजूला सरकवली आणि एक युक्ती सांगितली. गाडीच्या मूळ किल्लीवर दार लॉक करण्याचं जे बटण असतं त्याचा पल्ला तुटपुंजा असतो, पण कुठला अडथळा किती आडवा येतो ते त्यावरून चांगलं कळतं. ते घेऊन घरात फिरायचं आणि गाडीचे दिवे कुठून लुकलुकतात ते बघायचं.

आम्ही राहतो सातव्या मजल्यावर, काँक्रीटच्या इमारतीत. दिवाणखान्याची खिडकी असिनिबोइन नदीकडे, पार्किंग इमारतीच्या पाठीमागे. सरळ रेषेत गाडी शंभर मीटरच्या आतच, पण त्या रेषेत दोन खोल्या, लिफ्टचा पोलादी खड्डा, जिना आणि सळयांनी भरलेले सगळे मजले येतात. आई मागच्या दारापाशी काचेआड उभी राहून गाडीकडे बघत होती, फोन चालू होता आणि मी वरून बटण दाबत होते. दिवाणखान्यातून काही नाही. स्वयंपाकघरातून काही नाही. मग आमच्या मजल्यावर कपडे धुण्याची सामाईक खोली आहे तिथे गेले. तिची खिडकी बरोबर पार्किंगवर उघडते, गाडी समोर दिसते. तरीही काही नाही. खिडकी चार बोटं सरकवली आणि फोनवर आईचा आवाज आला, ‘लागले, लागले दिवे!’ खिडकी बंद केली की पुन्हा गप्प.

याचा उलगडा मला तंत्रज्ञाने नंतर केला आणि या सगळ्या शोधातली ती मला सर्वांत महत्त्वाची माहिती वाटते. थंड प्रदेशातल्या खिडक्यांना दोन-तीन पदरी काचा असतात आणि आतल्या काचेवर धातूचा डोळ्यांना न दिसणारा पातळ लेप असतो. घरातली ऊब तो परत आत फेकतो. पण धातूच तो, रेडिओच्या लहरीही अडवतो. काच आहे म्हणून आरपार जाईल असं धरून चालता येत नाही. गाडीच्या काचांना धातूची छटा असलेली फिल्म लावलेली असेल तर त्या बाजूनेही हाच त्रास. म्हणून स्टार्टरची अँटेना पुढच्या काचेच्या वरच्या भागात, आरशाजवळ, पत्र्यापासून दूर बसवतात.

ऑफिसची तऱ्हा अगदी उलट निघाली. मी काम करते ते एक्स्चेंज डिस्ट्रिक्टमध्ये. विनिपेगचा हा जुना व्यापारी भाग, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या वखारींचा. आत जाड लाकडी खांब आणि तुळया, बाहेर उंच जुन्या खिडक्या. पार्किंग दोन चौक सोडून पलीकडे, नकाशावर बोटाने रेघ ओढली तर सुमारे ४५० मीटर. मूळ किल्लीला एवढं अंतर झेपणं शक्यच नव्हतं. पण मध्ये काँक्रीट फार कमी, जमीन सपाट. विनिपेग हे माळावरचं शहर आहे, चढउतार जवळजवळ नाहीच. डिसेंबरमध्ये इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. अंधारात तेवढं चालत जायचं, गाडी खरवडायची आणि मग पाळणाघरातून मुलीला घ्यायचं, असा माझा संध्याकाळचा क्रम होता.

म्हणजे घरी अंतर थोडं आणि अडथळे दांडगे, ऑफिसात अंतर मोठं आणि अडथळे हलके. खोक्यावरचा कुठलाच आकडा यांतल्या एकाही जागेचं वर्णन करत नव्हता.

मग मी तंत्रज्ञाला एक भाबडा प्रश्न विचारला. तीन मैलांच्या रिमोटमध्ये ताकद जास्त असते का? तो म्हणाला, फारशी नाही. ही रिमोटं परवाना लागत नाही अशा लहरींवर चालतात, त्यामुळे किती ताकदीने बोलायचं याला सरकारने मर्यादा घातलेली आहे. मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी शक्ती चौथा हिस्सा उरते. त्यामुळे नुसता आवाज वाढवून लांब जाता येत नाही. लांब पल्ल्याची रिमोटं निरोप वेगळ्या तऱ्हेने पाठवतात. गाडीच्या मूळ किल्ल्या इथे बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. लांब पल्ल्याचे बरेच स्टार्टर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात निरोप पसरवून पाठवतात, म्हणजे एका ठिकाणी गोंगाट असला तरी दुसरीकडून तो पोहोचतो. गाडीतला कानही तिखट असतो. काही नवी यंत्रं निरोप मुद्दाम सावकाश पाठवतात, कारण सावकाश उच्चारलेलं क्षीण असलं तरी समजतं. हे ऐकल्यावर मला त्या महागड्या खोक्यात पैसे कशाचे आहेत ते निदान कळलं.

पण माझा निर्णय पल्ल्याने केला नाही. तो केला परत येणाऱ्या उत्तराने.

स्वस्त स्टार्टर एकतर्फी असतात. तुम्ही बटण दाबता, गाडीला ऐकू गेलं की ती सुरू होते आणि बाहेरचे दिवे लुकलुकतात. दिवे दिसत असतील तर ठीक. माझ्या घरातून किंवा ऑफिसातून गाडी दिसत नव्हती. आणि यातला खरा पेच असा की कित्येक एकतर्फी रिमोटांवर सुरू करण्याचं आणि बंद करण्याचं बटण एकच असतं. पहिल्यांदा दाबलं, ऐकू गेलं की नाही कळलं नाही, म्हणून खात्रीसाठी पुन्हा दाबलं, तर सुरू झालेलं इंजिन बंद. पल्ल्याच्या कडेवर उभ्या असलेल्या माणसाला यातून सुटका नाही. तो बाळाला घेऊन खाली उतरेपर्यंत त्याला काही ठाऊक नसतं. मला वाटतं, जिथून गाडी दिसत नाही तिथे एकतर्फी रिमोट घेऊच नये, त्याच्या खोक्यावर कितीही फूट छापलेले असोत.

दुतर्फी रिमोटात गाडी उलट निरोप पाठवते. इंजिन खरोखर फिरलं की रिमोट थरथरतं, दिवा लागतो, काहींच्या छोट्या पडद्यावर किती मिनिटं उरली तेही दिसतं. इथे एक बारकावा आहे आणि तो मला कुणी सांगितला नसता तर मी गोंधळले असते. जाण्याचा आणि येण्याचा पल्ला सारखा असेलच असं नाही. निरोप गाडीपर्यंत पोचतो, इंजिन सुरू होतं, पण उत्तर वाटेत विरतं. म्हणून उत्तर आलं नाही याचा अर्थ गाडी सुरू झाली नाही असा लगेच घ्यायचा नाही. दोन पावलं खिडकीकडे सरकून नुसती गाडीची स्थिती विचारायचं वेगळं बटण दाबायचं. तसं बटण आहे ना, हे मी विकत घेण्याआधी विचारून घेतलं. या प्रश्नावर तंत्रज्ञ प्रथमच हसला आणि म्हणाला, आता तुम्हाला यंत्र समजलं.

फोनवरून चालणाऱ्या स्टार्टरचाही मी विचार केला. त्यात गाडीत मोबाइलसारखं यंत्र बसवतात, मग पल्ल्याची अडचणच उरत नाही. तुम्ही पुण्यात असलात तरी विनिपेगमधली गाडी सुरू होईल. पण दरवर्षी वर्गणी भरावी लागते आणि गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल, तिथे सिग्नल नसेल, तर सगळं मुकं. फोनची बॅटरीही कडक थंडीत अचानक मान टाकते. मोठाल्या आवारांमध्ये काम करणाऱ्यांना तो प्रकार सोयीचा असेल, वर्गणी परवडत असेल तर. मला बाळाच्या उबेसाठी दरवर्षी कुणाची वर्गणी चालू ठेवायची नव्हती.

मधल्या आकड्याचं, ३००० फुटांचं दुतर्फी रिमोट मी ठरवलं. हे ठरल्यावरही बसवणं सोपं नव्हतं. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीच्या डोक्यातली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. त्या काळात विनिपेग गाड्यांच्या चोऱ्यांसाठी देशभर बदनाम होतं आणि मॅनिटोबाच्या सरकारी विमा संस्थेने जास्त चोरीला जाणाऱ्या जुन्या गाड्यांनाही तो बसवायला लावला होता. रिमोट स्टार्टरला या पहाऱ्यातून जाण्यासाठी एक वेगळं मॉड्यूल लागतं. ते तुमच्या गाडीची किल्ली ओळखायला शिकतं. माझी कोरोला जुनी असली तरी चिपचीच होती. म्हणून वायरी कापून जोडणारा माणूस टाळावा आणि आपल्या मॉडेलची तयार जोडणी वापरणारा निवडावा, असा सल्ला इथल्या मराठी मंडळींनी दिला तो मी मानला.

तंत्रज्ञाने गिअरचाही प्रश्न विचारला. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, पण हातगिअरची असेल तर काय होतं ते त्याने सांगितल्यावर माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे उतारावर, घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करायची सवय असते. तशा गाडीला लांबून स्टार्टर मारला तर ती पुढे झेप घेईल, आणि समोर कोण उभं आहे हे बटण दाबणाऱ्याला दिसतही नाही. म्हणून हातगिअरच्या गाडीत ठरावीक क्रमाने न्यूट्रल आणि हँडब्रेक लावून, इंजिन चालू असतानाच किल्ली काढून, बाहेर येऊन दार लावलं तरच ती पुढच्या वेळी रिमोटला तयार राहते. मध्ये दार उघडलं की तो करार रद्द. बॉनेटखालीही एक छोटी कळ बसवतात, बॉनेट उघडं असेल तर इंजिन सुरू होत नाही. ही कळ पैसे वाचवायला गाळू देऊ नये. गाडी दुरुस्तीला दिली तर स्टार्टर बंद ठेवण्याची सोय असते, तीही वापरावी. तेव्हा कुणाचा तरी हात इंजिनाच्या पट्ट्याजवळ असतो.

लांब पल्ल्याची मला जी धास्ती वाटते ती इथेच आहे. जवळून दाबणाऱ्याला गाडी कुठे आहे ते ठाऊक असतं. लांबून, खिशात चुकून दाबलं गेलं आणि गाडी घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतल्या माणसाला उठायची संधी मिळत नाही. आमची गाडी उघड्यावर असते, तरीही एकदाच दाबून सुरू होणार नाही, लागोपाठ दोनदा दाबावं लागेल, अशी जुळणी मी करून घेतली. आपोआप बंद होण्याची वेळ १५ मिनिटांवर ठेवली. त्याहून जास्त तापवणं मला पटत नाही. नुसत्या उभ्या गाडीचं इंजिन हळूहळू तापतं, चाकांचे बेअरिंग आणि गिअरबॉक्स तर गाडी चालल्यावरच सैलावतात, आणि तेवढा वेळ पेट्रोलचा धूर निघत राहतो. ब्लॉक हीटर टायमरला लावून निघण्याच्या दोन तास आधी चालू केला तर स्टार्टरला कमी वेळ पुरतो.

गाडी ताब्यात मिळाली त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या जिन्यातल्या खिडकीशी उभी राहून बटण दाबलं. क्षणभर काही नाही, मग तळहातात रिमोट थरथरलं. विटांच्या पलीकडे, दोन चौकांपुढे इंजिन फिरत होतं. मला किती हायसं वाटलं हे शब्दांत नीट येत नाही. घरी मात्र ३००० फुटांचं तेच यंत्र दिवाणखान्यातून शंभर मीटरही जात नाही. कपडे धुण्याच्या खोलीतून, खिडकी बंद असताना, जातं. कधी उत्तर अडलं तर रिमोट हनुवटीखाली धरून दाबायचं असं तंत्रज्ञाने शिकवलं आहे. शरीरातलं पाणी अँटेनाला हातभार लावतं म्हणे, आणि माझ्या अनुभवात त्याने थोडा फरक पडतो. बटणासारखा चपटा सीआर२०३२ सेल त्यात असतो, गारठ्यात तोही मलूल होतो, म्हणून रिमोट बाहेरच्या कप्प्यात न ठेवता कोटाच्या आत ठेवते आणि एक जादा सेल पर्समध्ये असतो.

आईला सगळी बटणं एका कागदावर मराठीत लिहून दिली होती. तिने त्यांतलं एकच लक्षात ठेवलं. मी कपडे धुण्याच्या खोलीतून परत आले की नातीचं जाकीट काढायच्या आधी ती विचारायची, ‘आलं का गं उत्तर?’ आलं म्हटलं की मगच आम्ही लिफ्टकडे निघायचो. आता ती परत सांगलीला गेली आहे आणि तिच्या जागी बेबीसिटर येते, तिच्यासाठी तोच कागद इंग्रजीत करून फ्रिजवर लावायचा आहे.